परिस्थितिसापेक्ष नेतृत्व

हाताखालच्या व्यक्तीची त्या-त्या कामासाठी किती तयारी आहे हे पाहून वरिष्ठाने आपली काम करून घेण्याची पद्धत बदलावी, असे सांगणारा व्यवस्थापनशास्त्रातील सिद्धांत. पॉल हर्सी (१९३१–२०१२) आणि केनेथ ब्लँचर्ड (जन्म १९३९) या अमेरिकन अभ्यासकांनी तो १९६९ मध्ये ‘नेतृत्वाचे जीवनचक्र’ या नावाने मांडला.

पार्श्वभूमी : ओहायो राज्य विद्यापीठातील अभ्यासांनी १९४०–५० च्या दशकांत वरिष्ठांच्या वर्तनाची दोन अंगे वेगळी काढली होती : कामाची आखणी करून देणे आणि माणसांची कदर करणे. रॉबर्ट ब्लेक व जेन मूटन यांनी १९६४ मध्ये ही दोन्ही अंगे भरपूर असणे हाच आदर्श ठरवला. हर्सी व ब्लँचर्ड यांच्या मते मात्र सर्वकाळ लागू पडणारी अशी एकच पद्धत नसते.

चार पद्धती : तयारी दोन गोष्टींवरून ठरते : काम येते का, आणि ते करण्याची इच्छा व आत्मविश्वास आहे का. काम येत नाही आणि हुरूप वा आत्मविश्वासही नाही, तेथे वरिष्ठाने नेमके ‘सांगावे’. हुरूप आहे पण हातोटी नाही, तेथे कारणांसह ‘पटवावे’. काम येते पण मन कचरते, तेथे निर्णयात ‘सहभागी’ करून घ्यावे. दोन्ही असतील तेथे काम ‘सोपवावे’. तयारी वाढेल तशा सूचना कमी होत जातात. आधार मात्र आधी वाढतो व नंतर कमी होतो.

दैनंदिन उपयोग : तयारी माणसाची नव्हे, कामाची मोजायची, हे या सिद्धांताचे मर्म. बँकेतला वीस वर्षे मुरलेला रोखपाल दिवसाअखेर रोकड जुळवतो. तेथे लक्ष घालणे म्हणजे त्याचा अपमानच. पण नवी संगणकप्रणाली आली की तोच रोखपाल पहिल्या पायरीवर येतो. मग ‘तुम्ही एवढे अनुभवी, जमेल तुम्हाला’ असे म्हणून शाखाधिकाऱ्याने अंग काढून घेणे चुकीचे. कोणता पडदा उघडायचा, नोंद कुठे तपासायची, हे शेजारी बसून दाखवावे लागते. ज्येष्ठतेपुढे संकोचून हे टाळले जाते, तर नव्या उमेदवाराला ‘बघून बघून शीक’ म्हणून सोडून दिले जाते. सरावलेल्या माणसाचे काम ढासळले, तर एकदम हुकूम न सोडता एकेक पायरी मागे यावे, असेही हा सिद्धांत सुचवतो.

भारतीय संदर्भ : मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये याच्या जवळचा विचार मांडला. वरिष्ठाची माया हवीशी वाटणाऱ्या भारतीय कार्यालयांत नेत्याने आपुलकी द्यावी, पण ती कामाशी बांधलेली असावी. कनिष्ठ स्वावलंबी होईल तसा कारभार सहभागाकडे न्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मूल्यमापन : प्रशिक्षणवर्गांत हा सिद्धांत फार लोकप्रिय झाला; संशोधनाचा पाठिंबा मात्र अर्धवट आहे. क्लॉड ग्राफ यांनी १९८३ मध्ये त्यातील तार्किक विसंगती दाखवल्या. रॉबर्ट व्हेकिओ यांनी १९८७ मध्ये शाळांतील शिक्षकांवर केलेल्या चाचणीत कमी तयारीच्या गटाबाबतच त्याला ठळक पुष्टी मिळाली. म्हणजे नवख्याला स्पष्ट सूचना द्याव्यात, हा भाग पक्का. अनुभवी माणसाला केव्हा मोकळे सोडावे, याचा निवाडा वरिष्ठाच्या पारखेवरच राहतो.