डिजिटल सरकारी सेवा: प्लॅनिंग मुंबईपासून नको, मणिबेलीपासून हवं

सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशन... सरकारची बरीचशी कामं आता मोबाईलवर आली आहेत. पण ॲप लाँच झालं म्हणजे सेवा पोहोचली, असं होत नाही. मग सरकारने अशा सेवांचं नियोजन करायचं तरी कसं? एका गावाच्या उदाहरणावरून समजून घेऊया.

मणिबेलीच का?

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदेकाठचं आदिवासी गाव. अक्कलकुवा हा राज्यातला विधानसभा मतदारसंघ क्रमांक १ आणि मणिबेली हे राज्यातलं पहिलं मतदान केंद्र. सरदार सरोवराची झळ महाराष्ट्रातल्या ३३ गावांना बसली, त्यात सुरुवातीलाच हे गाव होतं. काही कुटुंबं पुनर्वसन होऊन गुजरातमध्ये गेली, काही इथेच डोंगरावर वर सरकली.

म्हणजे डोंगर, पाणी, विखुरलेली वस्ती आणि दोन राज्यांत विभागलेल्या नोंदी. सिस्टिमची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही.

निवडणुकीला जमतं ते

मतदानाची रचना बघा. यंत्र बॅटरीवर चालतं, त्याला नेटवर्क लागत नाही. मतदाराला साधारण २ किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये, असा नियम आहे. मतदार ओळखपत्र हाताशी नसेल तर इतर ठराविक ओळखपत्रं चालतात. कर्मचारी यंत्र घेऊन लोकांपर्यंत जातात.

इथे सुरुवातच ‘शेवटच्या माणसाचं मत राहता कामा नये’ इथून झाली आहे. ॲप बनवताना मात्र चांगला फोन, फुल रेंज आणि वाचता येणारा माणूस गृहीत धरला जातो.

चांगल्या नियोजनात काय हवं?

१. आधी ऑफलाइन. २०२२ मध्ये केंद्राने रेंज नसलेल्या २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. टॉवर यायलाच हवेत, पण तोवर काम थांबायला नको. राज्यात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतात रेंज नसली तरी माहिती भरून ठेवता येते, आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येते. हीच पद्धत इतर सेवांनाही लावावी. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: प्रत्येक अर्जाला फोनमध्येच वेगळा क्रमांक मिळावा, म्हणजे तो दोनदा अपलोड झाला तरी एकदाच मोजला जाईल. आणि मुदत अर्ज भरल्याच्या वेळेपासून धरावी, अपलोडच्या वेळेपासून नाही.

२. ‘एरर’नंतरचा रस्ता. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात दिलं गेलं. पण कष्टाच्या कामाने बोटांवरच्या रेषा झिजतात आणि मशीन ठसा नाकारतं. आधारची पडताळणी झाली नाही म्हणून रेशन नाकारू नये, असं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. पण नुसतं परिपत्रक पुरत नाही. ठसा जुळला नाही की पुढचा पर्याय स्क्रीनवर आपोआप यायला हवा. नाहीतर तो माणूस रिकामी पिशवी घेऊन घरी जातो आणि सिस्टिममध्ये त्याची नोंदही होत नाही.

३. भाषा आणि माणूस. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारमध्ये सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के. इथे घराघरात भिली, पावरी बोलतात. फक्त मराठी-इंग्रजी बटणं देऊन भागणार नाही. आवाजातून सूचना हव्यात आणि मदत करणारा माणूसही हवा. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेवेसोबत फोनवर किंवा समोरासमोर मदत देणं हा सेवेचाच भाग धरला जातो.

४. एकच कागद पुन्हा पुन्हा नको. एस्टोनियात २००१ पासून ‘एक्स-रोड’ या व्यवस्थेतून सरकारी खाती एकमेकांकडून माहिती घेतात. विस्थापित कुटुंबाची जमीन एका राज्यात आणि जुने दाखले दुसऱ्या राज्यात असतील, तर फेऱ्या फाईलने माराव्यात, माणसाने नाही. अर्थात कोणी, कधी, कशासाठी माहिती पाहिली हेही त्या माणसाला दिसायला हवं.

५. मोजमाप बदला. किती डाउनलोड झाले, यावरून सेवा कळत नाही. किती जण अर्ध्यात अडकले, किती जण हात हलवत परत गेले आणि कोणत्या गावातून, हे मोजायला हवं.

तुमच्या हातात काय आहे?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा केंद्रावर अर्ज केला की:

- अर्ज क्रमांक असलेली पोचपावती घ्या. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ ही पोचपावती नव्हे.
- मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला तर पहिलं आणि दुसरं अपील करा. तरीही काम झालं नाही तर लोकसेवा हक्क आयोगाकडे जा.
- विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

घरात किंवा शेजारी कुणाला फोन वापरता येत नसेल तर त्यांचाही अर्ज भरून द्या, आणि पोचपावतीचा क्रमांक कागदावर लिहून त्यांच्याच हातात ठेवा. मणिबेलीत जे ॲप चालेल ते पुण्यात चालणारच. पुण्यात चाललेलं मणिबेलीत चालेलच असं नाही.