क्षणाची मुदत

हिशेबाच्या जगात उशिराला क्षमा आहे. दिवसभराची रोजकीर्द रात्री दिवा लावून पुरी करता येते, खतावणी महिनाअखेरीस मिळवता येते, आणि एखादा तक्ता कचेरीत दोन दिवस उशिरा दाखल झाला तर कारकुनाची खरडपट्टी निघेल, परंतु तेवढ्याने त्यातील आकडा खोटा ठरत नाही. विमानाच्या नियंत्रणदंडाला ही सवलत नाही. वैमानिकाने दंड मागे ओढला की नाक किती उचलावे, वेग किती उणा व्हावा आणि क्षितिज किती खाली सरकावे, याचा जबाब त्याच क्षणी मिळाला पाहिजे. तोच जबाब अगदी बिनचूक, पण अर्ध्या सेकंदाने हाती आला, तर तो चुकीचाच समजावा. घरच्या मेजावर विमान उडविण्याचा नाद ज्यांना जडला आहे, आणि त्या नादापायी दर चार-पाच वर्षांनी ज्यांची शिल्लक प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड विकणाऱ्याच्या गल्ल्यात जमा होते, त्यांच्या साऱ्या दुःखाचे मूळ या एका अटीत आहे. घरच्यांची समजूत अशी असते की चित्र अधिक सुंदर दिसावे म्हणून हा खर्च चालला आहे, आणि ती खोडून काढण्याच्या भरीस शहाणा माणूस पडत नाही. पण या छंदाच्या यंत्रसामग्रीचा इतिहास चाळला, तर तो आरंभापासून मुदत पाळण्याचाच इतिहास आहे.

त्याचा आरंभ वाद्यांच्या कारखान्यात झाला. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन घडविण्याचा कारखाना होता, आणि मूकपटांच्या चित्रगृहांत वाजणारे ऑर्गन तेथे तयार होत. ऑर्गन हे वाद्य आपल्याकडील जुन्या रसिकांना परके नाही. बालगंधर्वांच्या काळातील संगीत रंगभूमीवर पायपेटीला जो मान होता तो ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, त्यांना भाता, झडप आणि हवेचा दाब यांचे नाते समजावून सांगण्याची गरज नाही. लिंकला विमान शिकायचे होते, आणि त्या शिकवणीचा खर्च डोईजड होता. तेव्हा १९२७ ते १९२९ या काळात त्याने कारखान्याच्या तळघरात एक आखूड पंखांची लाकडी पेटी ऑर्गनच्या भात्यांवर बसविली, आत आसन व दंड यांची तजवीज केली, आणि दंड हलविला की झडपा उघडून भाते फुगतील वा मिटतील व पेटी त्या अंगाला कलेल, अशी योजना केली. १९३१ मध्ये तिचे पेटंट मंजूर झाले. गिऱ्हाईक मात्र लाभले ते जत्रेतल्या पाळण्याच्या जातीचे. करमणुकीच्या बागांचे मालक ही पेटी घेत आणि पोरेटोरे तिच्यात बसून आरोळ्या ठोकीत.

पुढे १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी हवाई टपालाचे खाजगी मक्ते रद्द करून ते काम लष्कराकडे सोपविले. ऐन हिवाळ्यात, धुक्यात, केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव नसलेले लष्करी वैमानिक थोड्याच आठवड्यांत डझनभर दगावले. त्या सुमारास लष्करी अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी लिंक स्वतः वाईट हवेत उपकरणांच्या भरवशावर न्यूअर्कला येऊन उतरला, आणि त्याच वर्षी लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलर मोजून सहा पेट्या विकत घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांचे प्राथमिक शिक्षण या निळ्या पेटीत झाले. मला या पेटीचे कौतुक वाटते ते वेगळ्या कारणासाठी. तिच्या आत गणित करणारे काहीच नव्हते. भात्यातली हवा दाबाप्रमाणे हलत होती, आणि हवा कधी उशीर करीत नाही.

हवेच्या जागी गणित आणण्याचा विचार १९४४ मध्ये अमेरिकन नौदलाने केला. निरनिराळ्या विमानांचे गुणधर्म एकाच शिक्षणयंत्रात आकड्यांनी बदलता यावेत, या हेतूने मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेकडे (जिला सर्व जग एमआयटी म्हणते) काम देण्यात आले व जे फॉरेस्टर त्याचे प्रमुख झाले. त्यांनी थोड्याच काळात ओळखले की तत्कालीन गणकयंत्रे हे काम करूच शकणार नाहीत, कारण ती कारकुनाच्या वृत्तीची होती: कागद घ्यावा, सावकाश आकडेमोड करावी, उत्तर छापून द्यावे. येथे हवे होते ते बोलता बोलता जबाब देणारे यंत्र. त्या शोधात ‘व्हर्लविंड’ हा संगणक निर्माण झाला, तो १९५१ मध्ये चालू झाला, आणि त्याची स्मृती पुरेशी चपळ व भरवशाची नाही म्हणून लोहचुंबकीय कड्यांची स्मृती घडवून ती १९५३ मध्ये त्यात बसविण्यात आली. पुढील जवळजवळ वीस वर्षे जगभरच्या संगणकांत तिचाच अंमल राहिला. या धांदलीत मूळचे विमान, म्हणजे ज्याच्यासाठी सारा खटाटोप आरंभिला ते आसन आणि तो दंड, मध्येच कधीतरी कार्यक्रमातून गळून गेले. नवरदेव विसरून वरात पुढे निघून जावी तसा हा प्रकार आहे.

ते आसन घरी परत आणण्याचे श्रेय ब्रूस आर्टविक यांना द्यावे लागते. इलिनॉय विद्यापीठातील हा विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी स्वतः वैमानिक होता. १९७५ च्या आपल्या प्रबंधात त्याने उड्डाणाचे चलच्चित्र संगणकाने कसे काढावे याचा विचार मांडला होता, आणि पुढे स्टू मोमेंट या मित्रासह सबलॉजिक ही कंपनी काढून त्याने १९७९-८० च्या संधीस अ‍ॅपल टू या घरगुती संगणकासाठी फ्लाइट सिम्युलेटर विक्रीस आणले. त्या यंत्राचा सरंजाम आज वाचताना कणव येते: सेकंदाला सुमारे दहा लाख ठोके देणारा ६५०२ प्रोसेसर आणि १६ किलोबाइट स्मृती. त्याहून मोठी पंचाईत अशी की, त्या प्रोसेसरच्या आज्ञावलीत गुणाकाराची आज्ञाच नव्हती. बेरीज, वजाबाकी आणि अंक एक घर सरकविणे एवढ्यावरच सारा प्रपंच. आणि विमान कलते म्हणजे क्षितिजावरील प्रत्येक बिंदूला ज्या-कोज्यांनी गुणावे लागते! तेव्हा पूर्णांकांवर भागवावे, लागतील त्या किमती आधीच कोष्टकात मांडून ठेवाव्या, पावकी-निमकी पाठ असलेला मुनीम जसा कागदाला हात न लावता रक्कम सांगतो तशी तजवीज करावी, असाच या धंद्याचा शिरस्ता पडला. चित्र म्हणजे काही रेघा, चौकड्यांची जमीन, आणि दूर डोंगराच्या नावाने त्रिकोण. सेकंदाला मोजकीच चित्रे बदलत. तरीही जो दंड ओढी त्याच्या पोटात खड्डा पडे, असे त्या काळचे लोक अजून शपथेवर सांगतात.

मायक्रोसॉफ्टने तो कार्यक्रम आपल्या नावे घेऊन नोव्हेंबर १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी प्रसिद्ध केला, आणि मग एक मौजेचा उलटा व्यवहार सुरू झाला. आर्टविक यांचा कार्यक्रम वेळ वाचविण्यासाठी यंत्राच्या अगदी अंतरंगाशी थेट बोलत असे, त्यामुळे आयबीएमची नक्कल करणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रात थोडी जरी खोट असली तरी तो चालत नसे. परिणामी गिऱ्हाईक दुकानात जाऊन लोटस १-२-३ आणि फ्लाइट सिम्युलेटर हे दोन कार्यक्रम चालवून दाखवा म्हणू लागले. म्हणजे वहीखाते आणि विमान ही दोन्ही ज्याच्यावर चालली ते यंत्र अस्सल. हा कार्यक्रम उघडला की विमान शिकागोच्या सरोवरकाठच्या मेग्ज फील्डवर उभे असे, आणि हजारो लोकांनी पहिले उड्डाण त्या धावपट्टीवरून केले. ३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोच्या महापौरांच्या हुकमाने बुलडोझर लावून त्या खऱ्या धावपट्टीवर फुल्या खोदण्यात आल्या. त्याच वर्षी निघालेल्या आवृत्तीत ती शाबूत होती.

नव्वदीतील हकिगत थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत जमिनीला छायाचित्रांचा पोत आला. १९९६ पासून त्रिमिती चित्रांसाठी स्वतंत्र कार्डे घरोघरी मिळू लागली, आणि रंगविण्याचे काम प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरून त्यांच्याकडे गेले. आपल्याकडे हा छंद मध्यमवर्गीय घरांत शिरला तो याच दशकाच्या अखेरीस, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या यंत्रांतून. त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण त्या नावाने विचारल्यास मदरबोर्ड मिळत नाही. सीडी कोणत्या मार्गाने घरात आली याची चौकशी त्या काळी कोणी करीत नसे.

ज्या आवृत्तीने या छंदाला खरे छळले, आणि म्हणूनच जिच्यावर सर्वांचे प्रेम जडले, ती ऑक्टोबर २००६ मधील ‘एक्स’. तिच्या खोक्यावर १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर व २५६ मेगाबाइट रॅम पुरेशी असल्याचे छापले होते. ते वाक्य खरे होते, ज्या अर्थाने मुंबईत पागडीवर दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसांचे बिऱ्हाड राहू शकते हे खरे असते. तिचे सर्व स्लायडर उजवीकडे ढकलले तर त्या वर्षी बाजारात असलेले कोणतेही यंत्र गुडघे टेकी. कारण समजण्यासारखे आहे. प्रोसेसरचे ठोके दरसाल वाढतच जातील, या वहिवाटीवर विसंबून तिची घडण झाली होती, आणि नेमकी ती वहिवाट मध्येच मोडली: उष्णता आवरेनाशी झाली, इंटेलने २००४ मध्ये पुढच्या अतिवेगवान चिपचा बेत सोडून एका चिपमध्ये दोन गाभे बसविण्याचा मार्ग धरला. बाजारात दोन गाभे, मग चार. ‘एक्स’ मात्र आपला मुख्य हिशेब एकाच गाभ्यावर करीत राहिली. चार कारकून तैनात आहेत, तिघे विडा चघळीत बसले आहेत आणि चौथा घामाघूम होऊन एकटाच वही लिहीत आहे, असे ते दफ्तर होते. कामाची वाटणी करून द्यावी तर तेही सोपे नाही, कारण पंखावरचा भार कळल्याशिवाय विमानाची नवी जागा कळत नाही, आणि जागा कळल्याशिवाय कोणता डोंगर दिसावा हे ठरत नाही. सेकंदाला तीस चित्रे हवी असतील तर या साऱ्या साखळीला मुदत तेहतीस मिलिसेकंदांची. साठ हवी असतील तर जेमतेम सतराची.

मग छंदिष्टांनी यंत्राशी वैदूगिरी आरंभिली. रचनेच्या फाइलीत ‘अ‍ॅफिनिटीमास्क’ किती लिहावा, ‘बफरपूल्स’ ठेवावा की उडवावा, चित्रांची संख्या तीसवर बांधावी की मोकळी सोडावी, यावर लोक मठांच्या आखाड्यांप्रमाणे भांडले. २०११ चा २५००के हा इंटेलचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून साडेचार गिगाहर्ट्झपर्यंत नेणे हा तर जवळजवळ संस्कार झाला होता. इतके करून सात-आठ तासांचे उड्डाण पुरे व्हावे, उतरण्याची वेळ यावी, आणि विमानतळाची चित्रे भरता भरता चार गिगाबाइटांची ३२-बिट मर्यादा संपून स्मृती शिल्लक नसल्याचा निरोप पडद्यावर यावा, हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याने हा छंद केला असे मी मानीत नाही. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो कार्यक्रम करणारा विभागच बरखास्त केला. त्या कार्यक्रमाचे हक्क घेऊन लॉकहीड मार्टिनने ‘प्रेपार थ्रीडी’ चालविला, दक्षिण कॅरोलायनातील ऑस्टिन मायर यांचे १९९५ पासूनचे ‘एक्स-प्लेन’ पंखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकावरील बल मोजण्याची आपली पद्धत सुधारीत राहिले, आणि दोघांनीही यथाकाल ६४-बिट होऊन त्या चार गिगाबाइटांच्या बंदिवासातून सुटका करून घेतली.

१८ ऑगस्ट २०२० रोजी फ्रान्सच्या असोबो या स्टुडिओने घडविलेले नवे फ्लाइट सिम्युलेटर आले. त्याची खोक्यातली प्रत दहा डीव्हीडींची होती, आणि तेवढ्यातही पृथ्वी मावली नव्हती. दोन पेटाबाइटांहून अधिक नकाशे व उपग्रहचित्रे दूरच्या सर्व्हरवरून, उड्डाण चालू असताना, तारेतून येत. (मेलबर्नच्या एका उपनगरात कोणी दोनऐवजी २१२ मजले टंकले होते, संगणकाने निमूटपणे तेवढा मनोरा बांधून दिला, आणि लोक त्याभोवती घिरट्या घालायला गेले.) आता मुदत पाळणाऱ्यांत इंटरनेटचीही भर पडली. प्रोसेसरचा तो एकटा कारकून अजून हटला नव्हता, त्याला ‘मेन थ्रेड’ हे नाव मात्र मिळाले. २०२२ मध्ये एएमडीच्या ५८००एक्सथ्रीडी या प्रोसेसरने छंदिष्टांची आश्चर्यकारक सोय केली: त्याचे ठोके आपल्याच बिनथ्रीडी भावंडापेक्षा कमी, पण ९६ मेगाबाइट कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली स्मृती, चिपवरच रचलेली, त्यामुळे वही आणायला वारंवार दुसऱ्या दालनात जावे लागत नाही. कारकून मंद नव्हता, त्याचा वेळ जिन्यावर जात होता, हे चाळीस वर्षांनी असे ध्यानात आले. २०२४ च्या आवृत्तीत डिस्कवरील व्याप पन्नासेक गिगाबाइटांपर्यंत आटला, आणि रॅमची आदर्श शिफारस ६४ गिगाबाइटांवर गेली.

माझे यंत्र या शिफारशीच्या निम्म्यावर आहे. उन्हाळ्यात त्याच्या पेटीची एक बाजू काढून समोर टेबलफॅन लावावा लागतो, कारण प्रोसेसर तापला की तो आपण होऊन ठोके कमी करतो. गेल्या मे महिन्यात मनात आले की १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत जे उड्डाण केले, ते आपणही करावे. त्यांचे पुस मॉथ विमान माझ्याकडे नव्हते, म्हणून सेसना घेतले. कच्छचे रण, खंबातचे आखात, दमण येथपर्यंत चाळीस चित्रे मिळत होती, आणि वसईची खाडी ओलांडल्यावर इमारतींची दाटी सुरू झाली तरी तिशी सुटली नव्हती. वर्सोव्याच्या वर, जुहूची धावपट्टी समोर असताना, आकडा अकरावर आला आणि विमान पायरी पायरीने उतरू लागले. मागे वळून पाहिले तो टेबलफॅन जाग्यावर नव्हता. बाहेर वळवाचे आभाळ आले होते. आईने गच्चीवरच्या कुरडया आत आणून माजघरात पसरल्या होत्या आणि फॅन त्यांच्यापुढे ठेवला होता.