फूट, मीटर आणि आपलं मेंटेनन्स बिल

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तोपर्यंत बोअरचं पाणी, पहिला गणपती, गेटचं भांडण हे सगळे विषय इतरांनी वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला उरला चौरस फूट. काही वर्षं हिशेबाच्या वह्या माझ्याकडे होत्या, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या वार्षिक सभांमध्ये जितका आवाज चढला, त्यातला निम्मा तरी या एका शब्दावरूनच चढला आहे.

मापाचं वेड या भागाला नवीन नाही. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, तेच आपलं आजचं शहर. त्याचं नाव आपण नहरीमुळे घेतो. पण जमिनीची पाहणी आणि प्रतवारी करून सारा ठरवायची त्याची पद्धतही तितकीच नावाजलेली. गंमत अशी की त्याच काळात, 1620 च्या सुमाराला, तिकडे इंग्लंडात एडमंड गंटर नावाच्या गणितज्ञाने जमीन मोजायची 66 फुटांची साखळी काढली. तिच्या निम्म्या लांबीचा चौरस, म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद, तो आपला गुंठा : 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर.

1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये गेला. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1076 चौरस फूट. गुंठा आणि आर यांत बारा-तेरा चौरस फुटांचाच फरक, म्हणून गावात दोन्ही शब्द एकाच अर्थाने खपतात. शेतात चालून जातं. गाळ्यात तेवढ्या जागेत एक काउंटर बसतं.

आपण राहायला आलो तेव्हा पैठण रोडच्या दोन्ही अंगांनी शेतं होती आणि चितेगावची ओळख म्हणजे व्हिडिओकॉन. त्या कंपनीचा पत्ताच मुळी ‘14 किलोमीटर स्टोन’ असा होता. रस्त्याचं मापच पत्ता झालेलं! आपल्यातले बरेच जण त्या आणि आसपासच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे. पगारातून हप्ता बसतो का एवढंच बघितलं. करारात लिहिलेले चौरस फूट कशाचे, हे कोण विचारतो?

ते तीन प्रकारचे असतात, हे नंतर कळलं. भिंतींच्या आत सतरंजी अंथरता येईल ती जागा कार्पेट. भिंतींची जाडी धरली की बिल्टअप. जिना, पॅसेज, टाकीखालची जागा यांतला वाटा चढवला की सुपर बिल्टअप. उदाहरण घ्या. कार्पेट 500 असेल, तर सरकारी मूल्यांकनाच्या 1.2 पटीच्या ठोकताळ्याने बिल्टअप 600 होतं. त्यावर पंचवीस टक्के चढवले की सुपर बिल्टअप 750. घर तेच, मोरी तेवढीच. महाराष्ट्राच्या 1963 च्या मोफा कायद्यात 2008 साली दुरुस्ती झाली आणि विक्री कार्पेटवरच करायची असं ठरलं. पुढे 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेटची एकच व्याख्या केली : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडायची. तो 1 मे 2017 पासून पूर्ण लागू झाला. आपली कागदपत्रं त्याच्या कितीतरी आधीची. त्यामुळे एकाच फ्लॅटला करारात एक आकडा, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला दुसरा आणि सूची दोनला चौरस मीटरमध्ये तिसरा.

वहीत बिलं लिहीत होतो तोवर हे झाकून राहिलं. मग आलं सॉफ्टवेअर.

ते मूळचं बनवलेलं होतं व्यापारी संकुलांसाठी. तिथे भाडंही चौरस फुटावर आणि झाडझूड, वॉचमन, लिफ्टचा खर्चही चौरस फुटावर. दुकान मोठं तर वाटा मोठा. ते तिथे रास्तच आहे. प्रत्येक युनिटपुढे ‘एरिया’ असा एकच चौकोन. कुठला एरिया, हे तो चौकोन विचारत नाही. आमच्या पोराने हाताला लागेल त्या कागदावरचे आकडे भरले. (पोरगा माझाच, म्हणून नाव घेत नाही.) रस्त्याकडच्या एका गाळ्याला 200 चौरस फुटांऐवजी 18.58 लागले, म्हणजे मीटरचा आकडा फुटांच्या चौकोनात. त्याचं बिल चहापाण्याइतकं आलं आणि तो अर्थातच गप्प बसला. उलट तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना सुपर बिल्टअप लागलं. त्यांचं बिल शेजारच्यापेक्षा बरंच जास्त.

मावशी एकट्या, पेन्शनवर. दोन महिने त्यांनी मुकाट्याने भरलं. तिसऱ्या महिन्यात स्टीलचा टेप घेऊन थेट माझ्या दारात. “भाऊ, माझं घर रात्रीतून वाढलं का? चला, मोजून दाखवा.” गेलो. कॉटखाली वाकून भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं. दोन्ही घरं इंचाला इंच सारखी निघाली. मला पाणी विचारलं नाही त्यांनी त्या दिवशी, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतर उपविधी नीट वाचले. ते आधी वाचायला पाहिजे होते. सहकारी सोसायटीत सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, हिशेबाचा खर्च, सर्व सदनिकांना समान. पाणी नळांची संख्या आणि आकार बघून. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के, सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. क्षेत्रफळ लागतं ते थोड्याच ठिकाणी : बिनशेती सारा, भाडेपट्टा असेल तर त्याचं भाडं, विम्याचा हप्ता; आणि तिथेही बिल्टअप. मुंबई उच्च न्यायालयानेही व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात सेवाशुल्क समानच धरलं. ज्यांनी 1970 च्या कायद्याखाली अपार्टमेंट केलं त्यांची गोष्ट वेगळी. तिथे खर्च अविभक्त हिश्श्यानुसार वाटतात. शेजारच्या इमारतीत असं चालतं, हा सभेतला आवडता मुद्दा यामुळेच आपल्याला लागू पडत नाही.

मोठ्या फ्लॅटवाल्याने कमी का भरावं, असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. वॉचमन काही खोल्या मोजून राखण करत नाही.

मावशींचे पैसे पुढच्या बिलांतून वळते केले. गाळ्याची बाकी मात्र तीन हप्त्यांत निघाली, तीही कुरकुरत. तेव्हापासून ऑफिसच्या कपाटात एक लांब रजिस्टर आहे. प्रत्येक सदनिका आणि गाळ्यापुढे कार्पेट आणि बिल्टअप असे दोन रकाने, दोन्ही फुटांत आणि मीटरांत, शेवटी मोजणाऱ्याची आणि मालकाची सही. सॉफ्टवेअरमध्ये फक्त बिल्टअप जातं, तेही या रजिस्टरवरूनच. तिसऱ्या मजल्याच्या पानावर मावशींची सही सगळ्यांत मोठी आहे. गाळा नंबर चारची सही अजून व्हायची आहे. त्यांचं म्हणणं, शटरबाहेरची पायरी धरायची नाही.