शिडाचं जहाज, कोळशाचं इंजिन आणि कॅप्टनच्या पायाला बांधलेली दोरी



आमच्या तिकोणा पेठेत उन्हाळ्यात लाईट गेली की आईचा पहिला हुकूम ठरलेला असतो: "फ्रीज उघडू नका रे कुणी!" थर्मोडायनॅमिक्स मी एम.एस्सी.ला शिकलो, घरात ते आधीपासूनच चालू होतं.

माझी पीएचडी थंडी साठवण्यावर आहे, म्हणजे ठरावीक तापमानाला गोठणारी मिठाची द्रावणं. प्रस्तावनेच्या प्रकरणात गाइडनी इतिहासाचं एक पान लिहायला सांगितलं. मी नेहमीसारखी शोधकांची नावं आणि सनावळी लिहून दिली. पान परत आलं, कडेला पेन्सिलीने शेरा: "यंत्र केलं कोणी ते कळलं. चालवलं कोणी?" तुमच्यापैकी जे आत्ता सिनॉप्सिस लिहीत असतील त्यांनी हा प्रश्न स्वतःलाही विचारून बघा. मला त्याचं उत्तर शोधायला महिना लागला, आणि ते सापडलं एका शिडाच्या जहाजावर.

आधी थोडं मागे जाऊ. समुद्रावरून थंडी नेण्याचा धंदा यंत्राच्याही आधीचा. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये 'टस्कनी' जहाजातून कलकत्त्याला सुमारे १८० टन बर्फ पाठवला. तळ्यावरचा, करवतीने कापलेला. चार महिन्यांनी सुमारे १०० टन शिल्लक पोहोचला! पुढच्या वर्षी मुंबईतही बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि मग मंडळींना सर्दी झाल्याची बातमी छापून आली. असो. ट्यूडरच्या पद्धतीत प्रवासात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. भुसा नीट भरला की झालं.

यंत्र आलं आणि चित्र पालटलं. 'डनेडिन' हे १८७४ साली बांधलेलं लोखंडी, पण शिडाचं जहाज. न्यूझीलंडहून लंडनला गोठवलेलं मांस न्यायचं म्हणून त्यावर बेल-कोलमन यंत्र बसवलं. तत्त्व सोपं: हवा दाबायची, ती तापते, समुद्राच्या पाण्याने तिला गार करायची, मग प्रसरण पावू द्यायची, की ती गोठणबिंदूच्या खूप खाली जाते. ही हवा थेट मालाच्या कोठारात सोडायची. अमोनिया नाही, गळतीने कुणी गुदमरण्याची भीती नाही. मात्र हे चालवायला वाफेचं इंजिन, आणि त्याला रोज सुमारे तीन टन कोळसा. म्हणजे बघा, जहाज चालणार फुकटच्या वाऱ्यावर आणि कोळसा जळणार फक्त थंडीसाठी. शिडांच्या मधोमध धुराडं! ठिणग्या उडून शिडं पेटायची धास्ती कायम.

पहिला दणका बंदरातच बसला. डिसेंबर १८८१ मध्ये माल भरतानाच क्रँकशाफ्ट मोडला. भरलेलं मांस उतरवून तिथेच विकावं लागलं. दुरुस्ती होऊन जहाज पोर्ट चामर्सहून निघालं १५ फेब्रुवारी १८८२ ला.

(आमच्या डोंगरापलीकडे लोणावळ्यात नौदलाचे मरीन इंजिनिअर घडवणारी 'आयएनएस शिवाजी' आहे. तीही १५ फेब्रुवारीलाच सुरू झाली, १९४५ साली. निव्वळ योगायोग. यातून निष्कर्ष काढाल तर रिव्ह्यूअर सोडणार नाही.)

उष्ण कटिबंधात लक्षात आलं की यंत्र धडधडतंय, पण कोठारात थंड हवा सगळीकडे फिरत नाहीये. कॅप्टन जॉन व्हिट्सन स्वतः हवेच्या मुख्य नळीत रांगत शिरला आणि करवतीने जादा भोकं पाडू लागला. गारठून तिथेच बेशुद्ध पडायची वेळ आली. शेवटी मेट मागोमाग शिरला, त्याच्या पायांना दोरी बांधली आणि ओढून बाहेर काढलं. ९८ दिवसांनी, २४ मे रोजी जहाज लंडनला पोहोचलं. जवळपास पाच हजार धडांपैकी फक्त एक टाकून द्यावं लागलं.

इथे मी थांबलो, कारण हाच घोळ माझ्या बाकावर झाला होता. तापमानाचा आलेख वेडावाकडा येत होता आणि मी आठ दिवस कंप्रेसरला शिव्या देत होतो. दोष निघाला पंख्यासमोर साचलेल्या हिमाचा. थंडी तयार होत होती, पोहोचत नव्हती. आठ दिवसांचा डेटा गेला.

आजच्या शिडाच्या होड्यांवरही इंजिनाला पट्ट्याने जोडलेला कंप्रेसर असतो. इंजिन थोडा वेळ चालवायचं, तेवढ्यात पेटीतली मिठाच्या द्रावणाची प्लेट गोठवून घ्यायची, मग दिवसभर ती पुरवायची. (हो, माझा विषय तो हाच!) पेटी गार होईना की पहिली शंका 'गॅस कमी झाला' अशी. गॅस जातोही: होडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर कंप्रेसरच्या शाफ्टचं सील तेलाविना कोरडं पडतं आणि गॅस झिरपतो. म्हणून गरज नसतानाही अधूनमधून चालवायचं. पण त्याआधी पट्टा सैल आहे का, समुद्राच्या पाण्याच्या जाळीत शेवाळ अडकलंय का, प्लेटवर हिमाचा थर आहे का आणि झाकणाचं रबर फाटलंय का, हे बघायचं. उगाच गॅस भरून घेतला तर खरा दोष तसाच राहतो.

'डनेडिन'ने त्यानंतर आणखी फेऱ्या केल्या. १८९० मध्ये ओमारूहून लंडनला निघालं ते मात्र पोहोचलंच नाही. मागमूसही लागला नाही.

माझ्या त्या पानावर आता बेल आणि कोलमन यांच्याखाली व्हिट्सनचं नाव आहे, आणि त्या मेटसाठी एक ओळ. पान पुन्हा गाइडकडे गेलंय. शेरा अजून आलेला नाही.