आमवात : शरीराचीच फौज सांध्यांवर का उलटते?

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची बोटं सुजली की घरचे म्हणतात, कोयता धरून धरून दुखतंय. पुष्कळदा ते खरंही असतं. पण कामाने दुखणारा सांधा आराम केला की उतरतो. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवातात, उलटं होतं. रात्रभर झोपूनही फज्रच्या वेळी बोटं आखडलेली असतात, वजूसाठी नळ फिरवता येत नाही. हे आखडणं तासभर किंवा त्याहून जास्त टिकतं. दुखणं बहुधा दोन्ही हातांत सारखंच असतं.

नेमकं काय बिघडतं?

जंतूंशी लढणं हे रोगप्रतिकारक शक्तीचं काम. या आजारात ती स्वतःच्याच शरीरातली काही प्रथिनं परकी समजते. रक्तातल्या टी पेशी इशारा देतात आणि बी पेशी त्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार करतात. आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्यांत त्याच दिसतात. दुखणं सुरू होण्याच्या काही वर्षं आधीपासूनही त्या रक्तात असू शकतात.

पुढे या पेशी सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरात जमतात. तिथे टीएनएफ आणि आयएल-6 ही सूज वाढवणारी रसायनं सुटतात. अस्तर जाड होतं, कूर्चेवर पसरतं आणि हाड कुरतडायला लागतं. एकदा झिजलेलं हाड पूर्ववत होत नाही. म्हणूनच उशीर महागात पडतो.

कोणाला होतो?

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने 1996 पासून केलेल्या पाहणीत सुमारे 0.5 टक्के प्रौढांना, म्हणजे दोनशेत एकाला, हा आजार आढळला. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट जास्त होतो. घरात कोणाला असेल किंवा विडी-सिगारेट ओढत असाल, तर धोका वाढतो.

उपचार

दुखण्याच्या गोळीने फक्त ठणका कमी होतो, आतली लढाई चालूच राहते. ती लढाई मेथोट्रेक्सेटसारखी औषधं शांत करतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. गरोदरपणात ती चालत नाही, म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. रमजानमध्ये औषध मनाने बंद करू नका. आठवड्याची गोळी इफ्तारनंतर घेता येते. वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

इंजेक्शन घेतल्यावर दोन दिवसांत चालायला लागलो, असं सांगणारे गावोगाव भेटतात. त्यात बहुतेक स्टेरॉइड असतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते वारंवार घेतलं तर साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात.

सूज सहा आठवडे राहिली तर थांबू नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या एमडी मेडिसिन डॉक्टरांना दाखवा. तोडीला निघायचं असेल तर निघण्याआधीच दाखवा.