टर्नरचे कूळ

बदलापूरच्या तिकीटखिडकीवर 'सीएसएमटी रिटर्न' मागणारा चाकरमानी, उल्हासनगरच्या बाजारात वर्षाचा 'टर्नओव्हर' सांगणारा व्यापारी, रिक्षातून 'पुढे राइट टर्न घ्या' म्हणणाऱ्या बाई: तिघांच्याही तोंडी नाव येते ते एका यंत्राचे. ग्रीकमधला 'टॉर्नोस' म्हणजे लेथ. त्यावरून लॅटिनमध्ये 'टॉर्नारे', लेथवर गोल घडवणे, आणि त्यातून इंग्रजी 'टर्न'. वळणे, पालटणे, पाळी हे अर्थ मागाहून आले. 'टूर' आणि 'ॲटर्नी'सुद्धा याच कुळातले. अंबरनाथच्या एमआयडीसीतला कामगार 'मी टर्नर' म्हणतो, तेव्हा तो या शब्दाचा मूळ अर्थ बोलत असतो.

आपल्याकडे हे काम कातारी करत. लाकूड दोन टोकांत अडकवायचे, त्याला दोरीचा वेढा द्यायचा आणि दोरी पुढेमागे ओढायची. लाकूड एकदा सुलट फिरते, एकदा उलट; हत्यार लागू पडते ते सुलट फेऱ्यालाच. उलट फेऱ्याला हात सैल सोडायचा आणि पुन्हा नेमक्या क्षणी टेकवायचा. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने रंग चढतो. लाटणी, पाळण्यांचे खूर असे घडले. या हातांची थोरवी पुरेशी कुणी लिहिलेली नाही.

लोखंडापुढे मात्र हाताची पकड अपुरी. हेन्री मॉडस्ली बाराव्या वर्षी लंडनजवळच्या वुलिच शस्त्रागारात काडतुसे भरायला लागला. १८००च्या सुमारास त्याने लेथवर हत्यार सरकत्या बैठकीत पक्के बसवले, तिला लीडस्क्रू आणि बदलते गिअर जोडले. जॉबचा, म्हणजे घडवायच्या तुकड्याचा, एक फेरा झाला की हत्यार ठरलेले अंतरच सरकणार. आटे सारखे पडू लागले. त्याआधी एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेलच याची खात्री नसे.

ही विद्या अंबरनाथला आली तीही शस्त्रांच्याच वाटेने. १९५३ साली इथे संरक्षण खात्याची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली. इथल्याच ऑर्डनन्स फॅक्टरीत पितळी काडतुसांची कवचे होऊ लागली. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने पुढे इथे छोट्या कारखान्यांना जागा दिली आणि गाळ्यागाळ्यांत लेथ आले.

आता संगणकावर चालणारे सीएनसी लेथ आहेत, मापे पडद्यावर दिसतात. तरी आयटीआयच्या टर्नर ट्रेडमध्ये लेथचे हत्यार ग्राइंडरवर घासून त्याला कोन देणे आणि धार लावणे पोरांना शिकावेच लागते.