एक वणी इकडे, एक वणी तिकडे

वणी नावाची दोन प्रसिद्ध गावं महाराष्ट्रात आहेत. एक आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलं, कोळसा खाणींचं. दुसरं नाशिक जिल्ह्यातलं, सप्तशृंगी गडाच्या वाटेवरचं. कळंबचंही तेच. आमच्या कळंबला चिंतामणी गणपती, तर दुसरं कळंब धाराशिव जिल्ह्यात. नेर इकडे आहे तसं धुळ्याकडेही आहे. ऑनलाइन खरेदी सुरू झाल्यापासून या जुळ्या गावांनी आमची बरीच करमणूक केली. ओळखीतल्या एका भाभींनी रमजान ईदसाठी मागवलेला शरारा त्या कळंबहून या कळंबला आला, तोवर बकरी ईद तोंडावर आली होती. भाभी म्हणाल्या, "चला, निदान ईद तरी हुकली नाही!"

पण हा गोंधळ कुरियरवाल्यांनी आणलेला नाही, तो जुनाच आहे. इंग्रजांच्या काळात तर आमच्या अख्ख्या जिल्ह्याचंच नाव वणी होतं. मुख्य ठाणं मात्र यवतमाळला! १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा कुठे जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं.

त्याच्याही मागे गेलं तर चौदाव्या शतकात इब्न बतूता भेटतो. मुहंमद तुघलकाच्या टपालव्यवस्थेचं त्यानं बारकाईनं वर्णन केलं आहे. एक टपाल घोड्यावरचं, दुसरं पायी धावणाऱ्यांचं, आणि पायी टपाल घोड्यापेक्षा लवकर पोचे. धावणाऱ्याच्या हातातल्या काठीला तांब्याच्या घुंगरांची जोड असे. आवाज ऐकला की पुढच्या चौकीवरचा माणूस तयार होई. याच वाटेनं सुलतानासाठी खुरासानची फळं येत. तो दौलताबादला असला की चाळीस दिवसांच्या अंतरावरून गंगेचं पाणी येई. एकही पार्सल चुकीच्या दारी जाण्याचा प्रश्न नव्हता, कारण घेणारा एकच होता.

टपाल सर्वांचं झालं आणि पत्ते चुकू लागले. आपल्या देशात गावांची नावं सारखी आणि लिप्या अनेक. उर्दूत 'ण' नाही, 'ळ' नाही. वणीचं 'वनी' होतं, कळंबचं 'कलंब'. त्यात जेर-जबर लिहिण्याची सवय नसल्यामुळे वाचणारा 'विनी'सुद्धा वाचू शकतो.

यावर उपाय शोधला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं. टपाल खात्यातले हे मोठे अधिकारी संस्कृतचे कवी होते. एका बाजूनं वाचलं तर रामाची आणि उलटं वाचलं तर कृष्णाची स्तुती निघेल, असं विलोमकाव्य त्यांनी लिहिलं. अक्षरं तीच राहून अर्थ कसा बदलतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांचा सहा आकडी पिनकोड देशात सुरू झाला. यवतमाळचा ४४५००१ घ्या. पहिला ४ आपल्या विभागाचा, पहिले तीन आकडे मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. आमच्या वणीचा पिन ४४५नं सुरू होतो, नाशिकच्या वणीचा ४२२नं. मला यातली खास गंमत ही वाटते की उर्दू उजवीकडून लिहितात, पण उर्दूतले आकडे मराठीसारखेच डावीकडून. लिप्यांच्या भांडणात आकडे कोणाचीच बाजू घेत नाहीत.

तरी चुका होतातच. आमच्या उर्दू शाळेसाठी निघालेला पुस्तकांचा गठ्ठा एकदा दुसऱ्या तालुक्यातल्या मराठी शाळेत उतरला. तिथल्या गुरुजींनी फोन केला, "सर, सगळी पुस्तकं उलटी छापली आहेत हो! मग लक्षात आलं, तुमची असतील." आम्ही दोघंही पोटभर हसलो.

पण प्रत्येक चूक हसण्याजोगी नसते. माझ्या एका विद्यार्थिनीचं मुलाखतीचं पत्र मुलाखत होऊन गेल्यावर घरी आलं. पाकिटावर नाव बरोबर, गाव बरोबर, फक्त पिनकोड दुसऱ्या वणीचा. शरारा पुढच्या ईदला घालता येतो, पण ती मुलाखत परत झाली नाही. म्हणून सातवीच्या वर्गात पत्रलेखन शिकवताना मी मायन्यापेक्षा पत्त्याला जास्त वेळ देतो. प्रत्येक मुलाकडून त्याच्या घरचा पिनकोड आधी उर्दूत, मग मराठीत लिहून घेतो आणि पाठ झाल्याशिवाय पुढे जात नाही.